तोंडात काय गेलं?

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी नागपूरला गृहविज्ञान शिकून आले होते आणि बुलढाणा जिल्ह्यातच मला नोकरी लागली होती. काम असं की, गावोगावी गरीब घरांत जाऊन बायांना खाण्यापिण्याच्या, पोषणाच्या गोष्टी समजावून सांगतील अशा बाया तयार करायच्या. कागदावर त्यांना आहारसेविका म्हणत. गावातले लोक त्यांना ‘खान्यावाल्या बाया’ म्हणायचे.

धामणगाव बढ्याला एका टिनाच्या घरात आमचा वर्ग भरायचा. सात जणी होत्या. बहुतेक विशीतल्या, सातवी झालेल्या, कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाचं नुकतंच झालेलं. एकच चाळिशीच्या पुढची होती. तिला सगळ्याजणी मावशी म्हणायच्या, म्हणून मीही मावशीच म्हणू लागले. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या, विधवा, दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-वेचणीला जाणाऱ्या. त्यांचा एकुलता एक मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता. शिक्षण कमी असूनही ‘वर्गात बसायला हरकत नाही’ असा शेरा मारून त्यांना घेतलं होतं. मावशी बौद्ध होत्या. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकाच्या पाठाला त्यांची पाळी आली, त्या दिवशी नेमका दोघींचा उपास निघाला. पुढच्या पाळीला एकीचाच निघाला. तिसऱ्या पाळीला कुणाचाच नाही. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं.

शिकवण्याआधी लोक काय खातात ते पाहायचं, हा पहिला धडा. त्यासाठी छापील तक्ते आले होते. त्यात तीन रकाने होते, सकाळचं जेवण, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. प्रत्येकीने दहा घरं निवडायची आणि आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक माणसाने काय खाल्लं ते विचारून भरायचं.

पंधरा दिवसांनी तक्ते आले. मी कंदील पुसून, पेन्सिलीला टोक काढून मोठ्या उत्साहाने वाचायला बसले आणि दहाव्या तक्त्याला जांभया देऊ लागले. सगळीकडे तेच होतं. भाकर, वरण, भाजी. भाकर, ठेचा. भाकर, बेसन. लहान पोरगं असो की म्हातारा, सगळ्यांचं सारखं. मला वाटलं, पोरींनी एकमेकींचं पाहून लिहिलंय.

मग मावशींचे तक्ते हातात आले. मोठमोठी, ओळ सोडून खाली घसरणारी अक्षरं. तीन रकान्यांत त्यांचं मावलंच नव्हतं. त्यांनी तक्ता उलटा करून पाठीमागे लिहिलं होतं. एका घरचं मला अजून आठवतं:

‘पोरगं, वय चार. आर्धी भाकर. बोरं वटीभर. कच्चं वांगं येक. जवारीचा धांडा चावला. म्हातारी. च्या चार डाव. भाकर चतकोर. तंबाखू. सून, पोटुशी. दीड भाकर, ठेचा. हरबऱ्याचे शेंडे. माती मूठभर.’

मी ‘माती’वर थांबले. आधी वाटलं ‘मठ’, म्हणजे मटकी, लिहायचं असेल, किंवा ‘मेथी’. पण मावशी मेथी बरोबर लिहायच्या. दुसऱ्या घरच्या तक्त्यातही होतं, ‘माती, दोन खडे’. दहा घरांपैकी तीन घरांत माती होती.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी त्यांना थांबवलं.

“मावशी, सगळ्यांच्या तक्त्यांत नुसती भाकर आहे. तुमच्याच घरांतले लोक एवढ्या गोष्टी कसे खातात?”

मावशींनी पदर सारखा केला. “बाई, तुमी काय इचाराले सांगतलं होतं? काल काय जेवले, असंच ना?”

“हो.”

“मंग? जेवन म्हनजे भाकर. बोरं काय कोनी जेवते? हरबऱ्याचे शेंडे काय कोनी जेवते?”

“मग तुम्ही काय विचारलंत?”

“मी इचारलं, सकायी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?”

मी खामगावची. वडील कापसाच्या जिनात हिशेबनीस होते. हीच बोली माझ्या घरात, अंगणात होती. पण नागपूरच्या वसतिगृहात पुण्याकडच्या मुली ‘मले-तुले’ ऐकून हसायच्या, म्हणून मी ती चार वर्षांत निपटून काढली होती. ‘जेवण’ आणि ‘खाणं’ यांत फरक आहे हे मला लहानपणी ठाऊक होतं. शिकून आल्यावर मी ते विसरले होते.

“पण तुम्हाला हे सुचलं कसं?” मी विचारलं.

“सुचाले काय लागते? या पोरी घरात जातात, चुलीपाशी बसतात. घरवाली गंजावरचं झाकन काढून दाखवते, हे पाय बाप्पा, भाजी केली. मले चुलीपावतर कोनी जाऊ देत नाही. मी आंगनात बसते. आंगनात बसलं का समदं दिसते. कोन पोरगं काय चावून राह्यलं, कोनाच्या वटीत काय हाय.”

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मी विषय बदलून मातीबद्दल विचारलं.

“माती खरंच खातात?”

“हाव. भाजलेली. लय बाया खातात. पोटुशी असली का जास्त.”

“कुणी सांगत कसं नाही मग?”

“कोनी इचारत नाही,” मावशी म्हणाल्या.

माझ्या पुस्तकांत मातीचा उल्लेख होता, नाही असं नाही. एका ओळीत होता, परीक्षेला न येणाऱ्या भागात. पण ती सून कोण, माती कुठून आणते, कधी खाते, कशी लागते, हे मला पाहायचंच होतं. खरं सांगते, त्या वेळी तिच्या तब्येतीची काळजी वाटण्याआधी मला कुतूहलच वाटलं.

दोन दिवसांनी मी मावशींबरोबर निघाले. दीड कोसावरचं खेडं. माळवं लावणारं घर, पण जमीन एवढीशी की दोघं बापलेक वर्षातले सहा महिने मजुरीलाच जात. सासूने मला आत नेऊन चुलीपाशी पाट दिला. मावशी बाहेर लिंबाखाली बसल्या. मी उठून बाहेर जावं की काय, हे ठरवेपर्यंत सासूने गुळाचा चहा टाकलाही होता.

“सुनेचं खाणं-पिणं ठीक आहे ना?” मी विचारलं.

“तीन डाव जेवते. दूध पेते,” सासू म्हणाली. घरात दुभतं जनावर नव्हतं हे मी येतानाच पाहिलं होतं.

ती मला द्यायला सांभार, म्हणजे कोथिंबीर, तोडून आणते म्हणून मळ्यात गेली. मी पटकन अंगणात आले. सून मावशींशेजारी उकिडवी बसली होती. अठराची असेल नसेल. पाचवा महिना. ओठ पांढुरके, डोळ्यांखाली सूज. मावशींनी तिला नुसतं म्हटलं, “दाखव वं बाईले. बाई रागवत नाही.”

तिने ओटीतून फडक्याची पुरचुंडी काढली. त्यात चपटे, काळपट-तांबूस खडे होते.

“कशी लागते?” मी विचारलं.

ती लाजली. “चांगली लागते.”

“चांगली म्हणजे? खारट? गोड?”

“तसं नाही. सडा टाकल्यावर वास येते ना सकायी, तशी लागते.”

“मला दे बरं एक.”

तिने मावशींकडे पाहिलं आणि एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला. आधी कोरडा, धुरकट, मग जिभेला आणि टाळूला चिकटला, आणि दाताखाली बारीक कचकच वाजली. वाईट नव्हता. खरं तर मला तो चांगला लागला. मी दुसरा मागितला नाही, पण मागावासा वाटला.

परत येताना मावशी नाल्याशी आल्यावर म्हणाल्या, “ओयखीची लागली का बाई माती?”

“का?”

“तुमी फळ्यापाशी उभ्या राह्यता तवा ओठाले पांढरं लागलेलं असते. आन लेखनीचा डबा आठ दिसात रिता होते. पाट्या तर आमी चौघीच वापरतो.”

मी चौथीत असल्यापासून पाटीवरच्या लेखण्या खात होते. आईने मारलं, डाग देईन म्हणाली, तरी सुटलं नाही. वसतिगृहात उशीखाली पुडी असायची. गृहविज्ञानाची पदवी घेतली, लोह कशात असतं याची यादी तोंडपाठ केली, आणि ती घोकतानाही तोंडात लेखणी होती. हे मी कधी कुणाजवळ बोलले नव्हते. मावशींना मी ‘हो’ म्हटलं आणि कान तापले.

“त्यात लाजाचं काय हाय,” मावशी म्हणाल्या. “तक्ता भरू का तुमचा?”

आणि खरंच त्यांनी त्या संध्याकाळी माझा तक्ता भरला. सकाळी चहा. वर्गात लेखणी, एक. दुपारी दीड पोळी, बटाट्याची भाजी. लेखणी, अर्धी. चहा. रात्री भात. एकटी राहत असल्याने मी स्वतःसाठी फारसं रांधतच नव्हते. सात बायांना हिरव्या पालेभाजीचं महत्त्व सांगणाऱ्या माझ्या तक्त्यात हिरवं काहीच नव्हतं.

दवाखान्यातले डॉक्टर भले होते. मी आधी सुनेबद्दल विचारलं, मग हळूच स्वतःबद्दल. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, बोटाला सुई टोचून थेंब टीपकागदावर घेतला आणि रंगांच्या पट्टीशी ताडला.

“रक्त कमी आहे,” ते म्हणाले. “रक्त कमी असलं की काहींना असं खावंसं वाटतं. का वाटतं ते मला विचारू नका, मला माहीत नाही. गोळ्या देतो. तिलाही घेऊन या.”

तिला आणणं सोपं नव्हतं. आम्ही पुन्हा गेलो आणि मातीचा विषय काढला तेव्हा सासू भडकली. “माया घरात खाले नाही म्हून सून माती खाते, असं गावभर सांगता काय?”

मावशी काही बोलणार तेवढ्यात मीच म्हणाले, “मी लेखण्या खाते. लहानपणापासून. माझ्या घरात खायला भरपूर होतं.”

सासूने माझ्याकडे पाहिलं. माझी इस्त्रीची साडी, मनगटावरचं घड्याळ. “तुमी? लेखन्या?”

“परवा डॉक्टरांनी रक्त पाहिलं. कमी निघालं.”

ती हातातलं सूप खाली ठेवून हसायला लागली. तोंडाला पदर लावून बराच वेळ हसली. मग म्हणाली, “म्याबी खाल्ली. तिनी खेपेले. मायी सासू कुडाची माती पाहून म्हने, घूस लागली का काय घराले.” सून दारामागे उभी राहून ऐकत होती. सासू माती खायची, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

बाजाराच्या दिवशी त्या दोघी दवाखान्यात आल्या. तिचा थेंब माझ्यापेक्षा फिका होता, पण फार नाही. तिला गोळ्या मिळाल्या. मला मिळाल्याच होत्या. काम झालं, असं मी समजले.

पंधरा दिवसांनी गेले तेव्हा सुनेला विचारलं, “गोळ्या घेतेस ना?”

“हाव.”

तिचा चेहरा होता तसाच होता. मला शंका आली, पण कशाची ते कळेना.

कळलं ते माझ्याच परसाकडच्या अनुभवावरून. माझ्या गोळ्या मी आधी एखाद्या दिवशी घ्यायची, मग विसरायची. या खेपेला नेमाने घेतल्या आणि चौथ्या दिवशी सकाळी घाबरून बाहेर आले. शौच डांबरासारखं काळं झालं होतं. मी शिकलेली बाई, तरी पोटात काहीतरी सडतंय असं मला वाटलं. पुस्तक काढून पाहिलं तेव्हा त्यात ते लिहिलेलं सापडलं, लोहाच्या गोळ्यांनी असं होतं, भिण्याचं कारण नाही. डॉक्टर सांगायला विसरले होते आणि मला ते आठवलं नव्हतं.

मी वर्गात जाऊन मावशींना बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्या आधी हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या.

“मंग त्या पोरीचंबी तसंच झालं असन. आपन तोंडात काय गेलं ते इचारलं बाई. बाहेर काय आलं ते इचारलंच नाही.”

त्याच दुपारी आम्ही निघालो. या वेळी मी पाटावर बसले नाही. लिंबाखालीच बसले. सासूने दोनदा आत बोलावलं, मी म्हटलं इथे वारा बरा आहे. तिसऱ्यांदा तिने बोलावलं नाही. चहा बाहेर आणला. मला कपात, मावशींना पितळी वाटीत. मी कप मावशींपुढे सरकवला आणि वाटी घेतली. सासूने ते पाहिलं. पुढच्या वेळी तिने दोन वाट्या आणल्या. यापलीकडे त्या घरात काही बदललं, असं मला म्हणता येणार नाही.

मावशींनी सुनेला जवळ बसवून कानात विचारलं. ती रडायलाच लागली. दुसऱ्याच दिवशी काळं झालेलं पाहून तिने गोळ्या बंद केल्या होत्या. आतून आपण जळतोय, पोटातलं लेकरू काळं ठिक्कर पडेल, असं तिला वाटत होतं. सगळ्या गोळ्या तिने कोनाड्यात, मिठाच्या मडक्यामागे ठेवल्या होत्या.

“माझंही तसंच झालं,” मी म्हटलं.

“तुमचंबी?”

“आज सकाळीच. तुझ्यासारखीच घाबरले.”

तिने डोळे पुसले आणि अगदी बारीक आवाजात विचारले ते प्रश्न मला आठवतात. लेकराला लागत नाही ना? किती दिवस राह्यते? माती खाल्ली आन गोळी खाल्ली तर पोटात भांडतात काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला नक्की माहीत नव्हतं. मी म्हटलं, विचारून सांगते. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, भांडतात बहुतेक, माती खाल्ली तर गोळीचा उपयोग कमी होतो. मी तसंच तिला सांगितलं.

तिने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मावशींनी तिला एक युक्ती सांगितली. मातीची आठवण आली की आधी भाजलेले तीळ आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचा, मग पाहायचं. उन्हाळ्यात ती माहेरी गेली, मुलगी झाली, बाळंतपण नीट पार पडलं. परत आल्यावर मी तिला विचारलं, “आता खावीशी वाटते का?”

“सडा टाकला का वाटते,” ती म्हणाली. “पन तेवढंच वाटते. मंग मी घरात येऊन जातो.”

माझ्या लेखण्या सुटायला वर्ष लागलं. मध्ये दोनदा पुन्हा सुरू झाल्या होत्या.

वर्गातल्या बाकी सहाजणींना मी तक्ते परत दिले आणि मावशींचा प्रश्न घेऊन त्याच घरांत पुन्हा पाठवलं. या खेपेला त्या अंगणात बसल्या. आले ते तक्ते वाचायला मला दोन दिवस लागले, आणि एकदाही जांभई आली नाही. हुरडा, बोरं, चिंचेची कोवळी पानं, घोळाची भाजी, अंबाडीची बोंडं, वाण्याच्या दुकानासमोर सांडलेले शेंगदाणे. लेखणी सहा जणी. चुलीतली राख एक. आमच्याकडे संत्र्याचं आणि अंड्याचं रंगीत चित्र भिंतीला लावलेलं होतं. ते तसंच राहिलं, पण पाठ आम्ही बदलले. हरभऱ्याचे शेंडे हिवाळ्यात खुडून सावलीत वाळवायचे आणि उन्हाळ्यात पिठात घालायचे, हे मावशींनीच शिकवलं. ते मला कुठे येत होतं?

बुलढाण्याहून आमच्या मोठ्या बाई तपासणीला आल्या. त्यांनी तक्ते उलटेसुलटे करून पाहिले. “माती अन्नात धरत नाहीत,” त्या म्हणाल्या. “रकाने वरून ठरलेले आहेत. पाठीमागे लिहायचं नाही.” चिडून नाही, समजावून सांगितलं. तेव्हापासून आम्ही तीन रकाने त्यांना हवे तसे भरत गेलो आणि बाकीचं वेगळ्या वहीत लिहीत गेलो. माझ्या नोकरीत तो तक्ता कधीच बदलला नाही.

मावशींची नेमणूक पहिल्या यादीत झाली नाही. सातवीची अट होती. त्या बाहेरून सातवीला बसल्या, गणितात एकदा राहिल्या, दुसऱ्यांदा सुटल्या. मधली दोन वर्षं त्या शेतात जात आणि नवा वर्ग सुरू झाला की पहिले दोन दिवस माझ्याकडे येत, नव्या पोरींना अंगणात कसं बसायचं ते दाखवायला. नेमणूक झाल्यावर त्यांनी पहिली मागणी केली ती सायकलीची किंवा छत्रीची नाही. त्या म्हणाल्या, “बाई, खामगावच्या बाजारात चला मायासंगं. माती कोन इकते ते पाह्याचं हाय.”

मी त्याच गावात वाढले होते, आणि बाजारात माती विकतात हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण ती केसांना लावायची असेल असं समजत आले होते. कुंकू, वाती, शिकेकाई असं घेऊन एक म्हातारी बसलेली होती. तिच्या एका टोपलीत ते चपटे खडे होते. आम्ही दोघी शेजारी जाऊन बसलो. मावशींनी तिच्याशी पानतंबाखूपासून सुरुवात केली.

“कोन घेते वं माय हे?”

“बायाच घेतात, दुसरं कोन,” म्हातारी म्हणाली. “मानूस संगं असला का कुंकू घेतात आन निसतं बोट दाखवतात. मी पुडीत टाकून देतो. कोन पोटुशी हाय ते तिच्या सासूच्या आंदी मले मालूम पडते.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग तिला दवाखान्याबद्दल, गोळ्यांबद्दल, काळ्या शौचाबद्दलही सगळं सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं. तिला आपला धंदा बंद करायचा नव्हता आणि तसं ती म्हणालीही. पण मावशी दर बाजारी शेजारी बसणार असतील तर बसोत, जागा काय तिच्या बापाची होती?

त्या दिवशी बाजार उठेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. पाच बाया आल्या. त्यांतल्या तिघी मावशींशी बोलल्या, एक नुसती हसून निघून गेली. पाचवी माझ्या वयाची होती, चष्मा लावलेली, कुठेतरी शिकवत असावी. तिने कुंकवाची डबी घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि टोपलीकडे बोट दाखवलं. मावशी तिला म्हणाल्या, “बसा ना बाई जराशा. आज सकायपासून काय काय खाल्लं?”

ती आधी उभीच होती. मग पिशवी मांडीवर घेऊन बसली.